रांगडी मोटार आणि मागची बैठक

मध्यम स्थितीच्या घरांत मोटार येणें ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. नवल आहे तें निराळेंच. गिरगांवच्या वाडींत किंवा दादरच्या हिंदु कॉलनींत राहणारा, दिवसभर कचेरींत खुर्चीवर बसणारा आणि वर्षांतून दोनतीनदांच डांबरी रस्ता सोडणारा गृहस्थ आज जी गाडी मागतो, ती डोंगर चढण्यासाठीं, ओढे ओलांडण्यासाठीं आणि चिखल तुडविण्यासाठीं घडविलेली असते. संध्याकाळीं शिवाजी पार्कच्या कठड्यापाशीं अर्धा तास उभें राहावें. उंच, चौकोनी, जाड चाकांच्या गाड्या एकामागून एक जातांना दिसतील. त्यांतल्या किती गाड्यांच्या चाकांना माती लागली असेल, असा खवचट प्रश्न आम्ही विचारीत नाहीं. शूद्रकाच्या मृच्छकटिकांतला चारुदत्ताचा मुलगा शेजारच्या पोराची सोन्याची गाडी पाहूनच आपल्या मातीच्या गाडीवर रुसला होता. हौस ही हौसच असते, आणि ती स्वतःच्या पैशानें करणारास बोल लावण्याचें कारण नाहीं.

आजचा लेख मात्र हौसेच्या गिऱ्हाइकासाठीं नाहीं. ज्यांचें कोंकणांत घर आहे, त्या घरचा गणपति ज्यांना चुकवितां येत नाहीं, घरांत ज्यांच्या पंचाहत्तरी ओलांडलेलें एखादें माणूस आहे आणि गांवाकडचा शेवटचा अर्धा मैल ज्यांचा तांबड्या मातीचा आहे, अशांसाठीं तो आहे. गेल्या दोनतीन महिन्यांत अशा चार घरांतून आम्हांस एकच प्रश्न आला, 'गुरुजी, थार घ्यावी, जिम्नी घ्यावी, कीं सरळ बोलेरो?' आम्ही यंत्रशास्त्राचे पंडित नव्हों. परंतु उत्तर लिहिण्यापूर्वीं प्रश्न दोनदां वाचावा, असें आम्हीं जन्मभर मुलांना सांगितलें. आणि हा प्रश्न दोनदां वाचला, म्हणजे त्यांत एक शब्द गळलेला दिसतो. गाडी कोणासाठीं घ्यावयाची, तो शब्द. हांकणाऱ्यासाठीं, कीं मागें बसणाऱ्यासाठीं?

या गाड्यांचें कुळ आपल्या शेजारचेंच आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं विलिस कंपनीनें जी जीप बनविली, तिच्याच वंशांतली गाडी सुटे भाग आणवून आपल्या मुंबईंत जोडली जाऊं लागली ती माझगांवांत, १९४९ च्या सुमारास. लालबागच्या नाक्यावरून माझगांव तें किती दूर? जोडणारी कंपनी २ ऑक्टोबर १९४५ रोजीं 'महिंद्रा अँड महंमद' या नांवानें निघाली होती. जगदीशचंद्र व कैलासचंद्र हे महिंद्रा बंधु आणि गुलाम महंमद हे तिचे संस्थापक. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ सालीं पाटीवर दोन्हीकडे महिंद्राच उरले. त्या माझगांवच्या जीपेपासून आजच्या थारपर्यंत वंशावळ सरळ लागते.

पण मूळ जीप ही सैनिकांसाठीं होती. सैनिकाला कंबर असते, पण ती दुखत असल्याचें सांगण्याची सोय त्याला नसते. जीपेच्या पुढच्या व मागच्या चाकांतलें अंतर ८० इंच, म्हणजे सुमारें २०३ सेंटिमीटर. एवढ्या आंखूड गाडीचें पुढचें चाक खड्ड्यांतून वर येतें न येतें, तोंच मागचें त्यांत उतरतें. आणि बसलेला माणूस पाळण्यासारखा पुढेंमागें झुलतो. चाकांमधलें हें अंतर वाढलें कीं झुलणें कमी होतें. आजच्या दोन दारांच्या थारचें तें २४५ सेंटिमीटर आहे, पांच दारांच्या जिम्नीचें २५९, बोलेरोचें २६८, आणि २०२४ सालीं निघालेल्या थार रॉक्सचें २८५. विक्रेता तुम्हांस अश्वशक्ति सांगेल, पडद्याची लांबीरुंदी सांगेल. हा आंकडा तुम्हीं विचारावा.

त्याहून महत्त्वाचें म्हणजे बैठक कोठें आहे तें. एसटीच्या शेवटच्या बांकावर बसून ज्यांनीं चिपळूण गांठलें आहे, त्यांना हें समजाविण्याची गरज नाहीं. दोन आंसांच्या मध्यें बसणाऱ्यास धक्का अर्धा पोंचतो. मागच्या आंसावर बसणाऱ्यास तो सगळाच्या सगळा पोंचतो. आंखूड गाडींत मागची बैठक आंसावर येऊन बसते, लांब गाडींत ती थोडी पुढें सरकते. कठोपनिषदानें शरीराला रथाची उपमा दिली. बुद्धीला सारथि केलें, मनाला लगाम केलें, इंद्रियांना घोडे केलें आणि आत्म्याला रथांत बसविलें. त्या आत्म्याच्या बैठकीखालीं काय होतें, हें मात्र ऋषींनीं सांगितलें नाहीं; मोटारींचे विक्रेतेहि सांगत नाहींत.

बैठकीखालीं काय असतें, तें थोडक्यांत सांगतों. या रांगड्या गाड्यांच्या पोटाशीं पोलादाची एक शिडी असते; दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. तिच्यावर गाडीचें घर रबराच्या गाद्या घालून बोल्टांनीं आवळलेलें असतें. शहरांतल्या साध्या मोटारीला ही शिडी नसते. तिचें कवचच अंड्यासारखें सगळा भार वाहतें. शिडीची गाडी दणकट. तिच्या पोटावर दगड आपटला तरी ती सहसा वांकत नाहीं, आणि पुष्कळ दुरुस्ती साध्या गॅरेजांत होते. परंतु ती जड असते आणि खराब रस्त्यावर अंग झटकल्यासारखी हलते. शिडी आणि आंस यांच्यामध्यें स्प्रिंगा. जुन्या जीपेला, जिप्सीला आणि बोलेरोच्या मागच्या चाकांना कमानपाटे. २०२० नंतरच्या थारला, रॉक्सला, जिम्नीला व गुरख्याला वेटोळ्याच्या स्प्रिंगा. पाट्यांचा स्वभाव बैलगाडीसारखा आहे. मोकळी गाडी उधळते, भरली कीं शहाण्यासारखी चालते. बोलेरोंत सात माणसें व दोन पोतीं तांदूळ घालून आंबा घाट उतरावा. तीच गाडी एकट्यानें हांकतांना जी दांत वाजविते, ती ओळखूंहि येणार नाहीं. पाटा तुटला तरी तो बदलून देणारा कारागीर तालुक्याच्या गांवीं भेटतो. वेटोळ्याची स्प्रिंग मऊ, तिच्यावरचा माणूस सुखी.

आमच्या नात्यांत एक वहिनी आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, राहणें ठाकूरद्वारला, दोन्ही गुडघे जायबंदी. गांवच्या घरचा गणपति त्यांच्या सासऱ्यांच्या आधींपासूनचा. पत्री कोणती, गौरीच्या मुखवट्याला कोणता दागिना, कोणत्या दिवशीं कोणता नैवेद्य, हें सगळें त्यांच्याच डोक्यांत. कागदावर कोणीं उतरून घेतलें नाहीं. नातवानें मोठ्या उत्साहानें एक दोन दारांची रांगडी गाडी आणली. मागें बसावयाचें तर पुढची बैठक दुमडून, वांकून, एक पाय आंत टाकून तोल सांवरावा लागतो. वहिनींना तें अशक्य. म्हणून त्यांना पुढें बसविलें. तेथेंहि पायरी गुडघ्याएवढी, तेव्हां घरांतलें स्टूल खालीं आणून त्यांना चढविलें. दोन्ही सुना मागें. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणास २०११ सालीं आरंभ झाला आणि पुढें एका तपाहून अधिक काळ तें रखडलें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. माणगांव येईपर्यंत सुनांची तोंडें उतरलीं होतीं. महाडनंतर वहिनी बोलेनाशा झाल्या. वाटेंत तीनदां उतरावें लागलें, आणि तीनहि वेळां तें स्टूल सामानाखालून काढावें लागलें. परतल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, 'पुढल्या वर्षीं मी इथूनच नमस्कार करीन रे.' आणि त्यांनीं तसेंच केलें. त्या भाद्रपदांत गांवच्या घरीं गौरी बसल्या. पण कोणता दागिना केव्हां घालावयाचा, तें फोनवर विचारून.

गाडी वाईट नव्हती. कडेकपारींत ती उत्तमच चालत असेल. ती त्या घरासाठीं नव्हती, एवढेंच.

म्हणून आम्ही विचारणाऱ्यांना सांगतों, कीं गाडी पाहावयास जातांना घरांतील सर्वांत वृद्ध माणसाला बरोबर न्या. त्यांना तीनदां चढवा, तीनदां उतरवा. आधाराला मूठ कोठें आहे, पायरी किती उंच, दार किती उघडतें, पाय ठेवण्याची फळी वेगळी बसवून मिळते का, तें पाहा. नंतर स्वतः मागें बसा आणि गाडी दुसऱ्यास हांकूं द्या. नमुन्याची फेरी बहुधा सागरी किनारा मार्गावरून नेतात. त्या गुळगुळीत रस्त्यावर हातगाडीसुद्धां पुष्पक विमानासारखी जाईल. तुम्ही ना. म. जोशी मार्गावरून परळला चला म्हणावें, तेथून लालबागच्या उड्डाणपुलाखालच्या रस्त्यानें भायखळ्यापर्यंत. पेव्हर ब्लॉक, गटारांचीं झांकणें, खोदून बुजविलेले चर, सगळें तेथें फुकट मिळतें. पाऊण तासानें उतरल्यावर आपली कंबर काय म्हणते तें ऐका.

आतां 'फोर बाय फोर'. पोरांच्या वादांत याला फार मान असतो. चारहि चाकांना इंजिनाची गति देणारी ही सोय चिखलांत व ओल्या चढावर खरोखरच उपयोगी आहे. त्यांतहि गति कमी करून जोर वाढविणारा जो खालचा गिअर असतो, तो अधिक. परंतु थार, जिम्नी किंवा गुरखा यांच्या बाबतींत ही सोय कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरावयाची नसते. वळणावर पुढचीं व मागचीं चाकें सारखें अंतर कापीत नाहींत, आणि तो ताण सगळा दांत्यांवर येतो. म्हणजे गिरगांव ते राजापूर या साऱ्या वाटेंत ती बंदच ठेवावयाची आणि शेवटच्या अर्ध्या मैलासाठीं चालू करावयाची. त्या अर्ध्या मैलासाठीं एवढा पैसा व एवढें वजन वर्षभर वाहावें का, हा ज्याचा त्याचा हिशेब आहे. घराचा चढ खरोखरच निसरडा असेल आणि चालूं न शकणारें माणूस वर न्यावयाचें असेल, तर जरूर घ्यावी. एरवीं जांभ्याचे चिरे बसवून तेवढा चढ बांधून काढणें आम्हांस शहाणपणाचें वाटतें. आणखी एक. थार म्हटली म्हणजे चारहि चाकें चालणारच, असें नाहीं. २०२३ पासून केवळ मागचीं चाकें हांकणारी थारहि विकली जाते, आणि दिसावयास ती तशीच रुबाबदार असते. रॉक्सचेंहि तसेंच, चारहि चाकांची सोय तिच्या डिझेल गाडींतच मिळते. पावतीवर काय लिहिलें आहे तें वाचावें.

उंच गाडी घेतली म्हणजे हिंदमाताच्या पाण्याचें भय गेलें, असें एका सद्गृहस्थांनीं आम्हांस सांगितलें. हें आम्हांस बिलकूल मान्य नाहीं. पोट जमिनीपासून किती उंच आहे, हा एक आंकडा. इंजिन हवा ओढतें तें तोंड किती उंच आहे, हा दुसरा. त्या तोंडांतून पाणी आंत गेलें, कीं दट्ट्या पाण्यावर आपटतो. पाणी हवेसारखें दाबलें जात नाहीं, मग आंतला दांडा वांकतो आणि इंजिनाचें आयुष्य एका क्षणांत संपतें. शिवाय रस्त्याखालीं काय आहे हें कोणत्याच गाडीला दिसत नाहीं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां या शहरांत कांहीं माणसें बंद मोटारींत गुदमरून गेलीं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसांत परळ-प्रभादेवीच्या बाजूस एक नामांकित डॉक्टर गाडींतून उतरून पायीं घरीं जातांना उघड्या मॅनहोलांत पडून वाहून गेले. अशा दिवशीं गाडी वाडींतच ठेवावी.

टिकाऊपणाचा प्रश्न सर्वांत शेवटीं विचारला जातो, आणि खरें तर घराला पंधरा वर्षें तोच छळणार असतो. आमच्या पाहण्यांत मोटार इंजिनानें क्वचित मरते. ती मरते रबरानें, तारांनीं, गंजानें आणि मुख्यतः उभी राहून. गिरगांवांतली गाडी आठवड्यांतून पांच दिवस हलत नाहीं. तेवढ्यांत वाडींतला उंदीर इंजिनाच्या उबेला घर करतो आणि तारा कुरतडतो. जितके पडदे, जितके संवेदक, तितक्या तारा. म्हणून आमचें मन साध्या गाडीकडे झुकतें. कोंकणांतून आल्यावर वरचें अंग सगळेच धुतात, पण खारट हवा आणि तांबडी माती बसते ती शिडीच्या खोबणींत. खालून पाण्याचा जोराचा फवारा मारून घ्यावा. तेवढ्यानें गाडीचें आयुष्य वाढतें.

डिझेलविषयीं थोडें अधिक सांगणें प्राप्त आहे, कारण जुन्या पिढीचा 'डिझेल तें डिझेल' असा सिद्धांत आहे आणि तो आतां जसाच्या तसा चालत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. तेव्हांपासून डिझेलच्या गाड्यांच्या धुराड्यांत काजळी अडविणारी एक गाळणी बसविलेली असते. तिच्यांत सांचलेली काजळी जाळण्यासाठीं इंजिनाला बराच वेळ एकसारखें, तापून धांवावें लागतें. रोज ठाकूरद्वार ते दादर इतकेंच, तेंहि रखडत जाणाऱ्या गाडीला तें साधत नाहीं; गाळणी तुंबते, दिवा लागतो, गाडीचा जोर उतरतो आणि खर्च दाराशीं येतो. ज्यांना महिन्यांतून एकदां तरी नाशिक-पुण्याकडे जावयाचें असतें, त्यांनीं डिझेल खुशाल घ्यावें. ज्यांचें कोंकण वर्षांतून दोनदां आणि बाकी सगळी मंडई, त्यांना पेट्रोल बरें. पेट्रोल अधिक जळेल खरें. पण कमी चालणाऱ्या गाडीच्या हिशेबांत तो फरक फारसा जाणवत नाहीं.

तेव्हां कोणती? ज्या घरांत दोघेंच आहेत, गुडघे धड आहेत आणि वाडींत गाडी लावावयाची आहे, त्यांनीं जिम्नी पाहावी. रुंदी १६४.५ सेंटिमीटर, रॉक्सहून ती चांगली वीतभर अरुंद, आणि गिरगांवांत वीत म्हणजे इस्टेट आहे. वजनाला हलकी, पेट्रोलवर चालणारी, चारहि चाकांची सोय सर्वच गाड्यांत. मात्र चौघांचीच बैठक, आणि चौघें बसल्यावर सामानाला २०८ लिटर जागा, म्हणजे फारतर दोन बॅगा. आंब्याची पेटी मांडीवर. घरीं सहासात माणसें, गांवाकडे शेती, तांदूळ-नारळ इकडे आणावयाचे, आणि कोठल्याहि तालुक्याच्या गांवीं दुरुस्ती व्हावी अशी इच्छा असेल, तर २००० सालापासून रस्त्यावर असलेल्या बोलेरोसारखी गाडी नाहीं. तिच्यावर हात न बसलेला मेकॅनिक कोंकणांत विरळा. तिला सुख कमी आहे, तें कबूल करूनच घ्यावी, आणि अगदीं मागच्या आडव्या बांकांवर म्हाताऱ्या माणसास बसवूं नये. गुरखा ही पुण्याच्या फोर्स मोटर्सची गाडी. पुढच्या व मागच्या दोन्ही आंसांची चाकें जखडून चिखलांतून निघण्याची तिची विद्या मोठी. पण ती विद्या दादरच्या संसाराला फारशी लागत नाहीं. वहिनींसारखें माणूस घरांत असेल आणि पैसा पुरत असेल, तर पांच दारांची रॉक्स किंवा स्कॉर्पिओ अशी लांब, वेटोळ्याच्या स्प्रिंगांची गाडी घ्यावी, मात्र ती उभी करावयास जागा कोठें आहे हें आधीं टेपानें मोजून. दोन दारांची थार ज्याला आवडते त्यानें ती दुसरी गाडी म्हणून घ्यावी. घरांतली एकुलती एक गाडी म्हणून आम्ही ती सुचविणार नाहीं.

आणि ज्यांचा रस्ता दारापर्यंत डांबरी झाला आहे, अशांनीं हा सगळा विचारच सोडून बसक्या, मऊ, साध्या मोटारीकडे वळण्यास हरकत नाहीं. असें म्हटलें कीं घरांतले तरुण आमच्याशीं दोन दिवस बोलत नाहींत.

एक बारीक गोष्ट राहिली. या गाड्यांपैकीं बहुतेकांचें जादा चाक मागच्या दारावर टांगलेलें असतें आणि तें दार बाजूला उघडतें. वाडींत गाडी भिंतीला पाठ लावून उभी केली, तर तें उघडत नाहीं. सामान चढविण्यासाठीं दर वेळीं गाडी पुढें घ्यावी लागते. तोंड भिंतीकडे करून उभी करावी. तें जाड चाक उतरवावयास बरेंच जड असतें, आणि जॅक कोठें ठेवला आहे हें नव्या मालकाला बहुधा ठाऊक नसतें. गाडी घरीं आल्यावर पहिल्याच रविवारीं, उजेडांत, सपाट जागीं, घरांतल्या दोघांनीं मिळून एक चाक काढून पुन्हां बसवून पाहावें. परशुराम घाटांत, पावसांत, मागें ट्रकांची रांग लागलेली असतां तें पहिल्यानें शिकण्याची वेळ येऊं नये.